बाबूजींची टाकी

माणूस भेटला की तब्येत विचारायची त्यांना सवय नव्हती. ते विचारायचे, "झाकण लावलं का?" माझ्या मोठ्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा सुट्टी मागायला मी त्यांना फोन केला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं झालं. पण शनिवारी टाकी धुतली, तं झाकण उलटं वाळत ठेवलंतं ना?"

मी तेव्हा नुकतीच बीएस्सी झाले होते. वडील भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला, आई घरात, आणि दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. बालाघाटच्या एका संस्थेची फिरत्या दवाखान्याची गाडी होती, तिच्यावर मला नोकरी लागली. परसवाड्याच्या पलीकडे जंगलात जे टोले आहेत, म्हणजे विखुरलेल्या दहा-वीस घरांच्या वस्त्या, तिथे ठरलेल्या वारी ही गाडी जायची. गाडीत एक डॉक्टर, एक ड्रायव्हर, थुंकी-रक्त तपासायला आणि गोळ्या समजावून द्यायला मी, आणि आम्हा सगळ्यांवर इन्चार्ज म्हणून ते.

ते आरोग्य खात्यातून रिटायर झालेले. बालाघाटच्या जुन्या मराठी नोकरदार घरातले. ड्रायव्हर झनकलाल त्यांना बाबूजी म्हणायचा, म्हणून टोल्यांवरची माणसंही बाबूजी म्हणायची. मी सर म्हणायचे. माझं नाव त्यांच्या लक्षात राहत नव्हतं की राहूनही ते घेत नव्हते, मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते मला "बीएस्सी" म्हणायचे. "का वो बीएस्सी, हात धुतले का?" मला ते आवडायचं.

गाडीत डॉक्टरच्या टेबलामागे एक पांढरी प्लास्टिकची टाकी बसवलेली होती. तिच्यातून एक पाइप मागच्या दारापर्यंत यायचा आणि दाराबाहेर एक पितळी तोटी. डॉक्टरने हात धुवायचे, भांडी धुवायची आणि रोग्याने गोळीचा पहिला डोस आमच्यासमोर घ्यायचा, एवढ्यासाठीच ते पाणी. टोल्यांवरच्या हँडपंपांचं पाणी गंजाचं, लाल. त्याने गोळी गिळायला लोक तोंड वाकडं करायचे. म्हणून टाकी. दुसऱ्या कुठल्याही गाडीत ती टाकी म्हणजे सामानापैकी एक सामान झालं असतं. आमच्या गाडीत गाडीच त्या टाकीसाठी होती.

प्लास्टिकमधून उजेड गेला की आत हिरवं धरतं, म्हणून त्यांनी टाकीला काळं रेक्झिन शिवून घेतलं होतं. उन्हाने प्लास्टिकचा वास पाण्याला लागतो, म्हणून रेक्झिनवर ओलं पोतं. खराब रस्त्याने पाइपचा सांधा ढिला व्हायचा, तर ते स्वतः खाली बसून त्याला सुतळी गुंडाळायचे आणि सफेदा लावायचे, आणि मग बराच वेळ त्या सांध्याखाली तळहात धरून बसून राहायचे. एक थेंब पडतो का ते बघायला. दर शनिवारी टाकी धुणं. चपला गाडीखाली काढायचे, पाय धुवायचे, डोक्याला ओला पंचा बांधायचे आणि खांद्यापर्यंत हात घालून आतून घासायचे. मग ब्लीचिंगचं पाणी, मग साधं पाणी, मग परत साधं. भरताना तोंडाला चौपदरी फडकं. भरून झाली की मोजून ब्लीचिंग पावडर, झाकण, आणि झाकणाला कुलूप. कुलपाची किल्ली जानव्याला.

"बाबूजी," झनकलाल म्हणायचा, "आप जिस दिन जाओगे ना, गंगाजल से काम नहीं चलेगा. मुँह में ब्लीचिंग वाला पानी डालना पड़ेगा."

"डालना," ते म्हणायचे. "लेकिन हात धोके."

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. पाणी किती उरलं ते बघायला मी झाकण उघडलं आणि आत वाकले, तर ते मागून ओरडले, "हात काढ." मी त्या जानव्याकडे पाहिलं, त्या किल्लीकडे पाहिलं. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, आणि असल्या ओरडण्याचा अर्थ आम्हाला कोणी शिकवावा लागत नाही. मी म्हणाले, "सर, कोणाच्या हाताने पाणी बाटते ते आजच सांगून द्या. मी आत्ता उतरून बसनं घरी जाते."

त्यांनी मग खिशातून नेलकटर काढलं. "नखं काप," म्हणाले. मी कापली. साबण दिला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, स्वतः तांब्याने पाणी ओतलं. मग जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. "आता घाल हात. तळ चिकट लागते का सांग." मी हात घातला. तळ चिकट नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब टाकीकडे गेले, तर त्यांना त्याच आवाजात म्हणाले, "पयले अंगठी काढा." तेव्हा माझा राग गेला. पुढे ती किल्ली माझ्याकडेही असायची.

हाताची ही धास्ती त्यांना का होती, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही परसवाड्याच्या बाजारात चहा पिताना, चहाकडे बघत. नोकरीत असताना कुठल्याशा जत्रेला त्यांनी पाण्याचा टँकर पास केला होता. स्वतः तपासला, स्वतः सही केली. नंतर लोकांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. "टँकर साफ होता," ते म्हणाले. "मी पाह्यलाता. मंग त्याच्यात हात कोणी घातला, ते मले आजपर्यंत समजलं नाई." किती माणसं गेली ते मी विचारलं नाही. त्यांनी चहा तसाच ठेवला.

त्या जत्रेपासूनचीच असावी ती दुसरी सवय. टोल्यावर गाडी लागली, लोक जमले, की ते मागच्या दाराशी उभे राहायचे. स्टीलच्या फुलपात्रात तोटीचं पाणी घ्यायचे, तोंडात धरायचे, डोळे मिटायचे. सगळा टोला गप्प. मग गिळायचे, थोडं थांबायचे, आणि म्हणायचे, "चालू करा." त्यांनी प्यायल्याशिवाय त्या तोटीचं पाणी कोणाच्या तोंडात जात नसे. काही झालंच तर पहिलं आपल्याला व्हावं, एवढाच त्यांचा हिशेब. मीही तेव्हा त्यात दुसरं काही पाहिलं नाही. गोळ्यांचं खोकं तिथेच खाली उघडं पडलेलं असायचं, आणि त्यावर कधीकधी कोणाची कोंबडी येऊन बसायची.

घाटाचा एक नियम होता. अर्धी भरलेली टाकी घेऊन घाट उतरायचा नाही. आत पाणी हिंदकळतं, वळणावर सगळं वजन एका अंगाला येतं आणि गाडी ओढली जाते. टाकी एक तर गच्च भरलेली पाहिजे, नाही तर रिकामी. झनकलालचंही याबाबतीत त्यांच्याशी एकमत होतं. म्हणून परतीच्या आधी शेवटच्या टोल्यावर उरलेलं पाणी सोडून द्यायचं. उन्हाळ्यात असं पाणी मातीत सोडताना बायकांच्या डोळ्यांकडे बघवत नसे. तेव्हा त्यांनीच सुरू केलं: ज्याला पाहिजे त्याने भांडं आणावं. पण भांडं आधी त्याच पाण्याने विसळायचं, आणि झाकण पाहिजे. लोक बाटल्या आणायला लागले. रांग लागायची. ते प्रत्येक बाटली उजेडात धरून तळ बघायचे, आणि ज्याची बाटली मळकी त्याला परत पाठवायचे.

"हे पाणी नेऊन काय करतात वो हे लोक?" एकदा त्यांनी मला विचारलं.

"पितात, सर. दुसरं काय करतील."

"पिऊ दे," ते म्हणाले, आणि मी त्यांना त्या दिवशी खूश पाहिलं.

त्या शेवटच्या टोल्यावर सुकवारो राहायची. वय माझ्याएवढंच. नवरा नागपूरकडे कामाला गेलेला, अधूनमधून यायचा. घरात सासू आणि एक लहान मुलगी. सुकवारोला टीबी निघाला तो माझ्याच काचपट्टीवर. सरकारी दवाखान्यातून तिच्या नावाच्या गोळ्या मिळायच्या, त्या तिच्यापर्यंत पोचवायचं काम आमचं. पहिली गोळी तिने आमच्यासमोर घेतली, तोटीच्या पाण्याने. पुढच्या गोळ्यांच्या पट्ट्या मी तिच्या हातात दिल्या आणि सगळं समजावलं: रोज, एकही दिवस न चुकता, बरं वाटलं तरी. ती मान हलवत होती. काही आठवड्यांनी तिचा ताप उतरला, चेहरा भरला. सर तिला म्हणायचे, "अब खाँसी कैसी है?" आणि ती हसून त्यांच्यासमोर बाटली धरायची.

मग खोकला परत आला. थुंकी तपासली तर परत तेच.

मी आणि सर तिच्या घरी गेलो. कुडाच्या भिंतीला गोळ्यांच्या पट्ट्या ओळीने टांगलेल्या होत्या, पहिल्या काही सोडल्या तर न फोडलेल्या. चांदीसारख्या चमकत होत्या. खाली बाटल्या. प्रत्येकीला झाकण.

"गोली नहीं खाई?" मी विचारलं.

"खाई थी ना दीदी. पेशाब लाल आया. मैं डर गई."

त्या गोळीने लघवी लाल होते, हे मी तिला सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणजे त्या गर्दीत, तीन बायकांशी एकदम बोलताना, सांगितलं होतं.

"तो इतने दिन क्या लिया?"

"दवाई ली. रोज सुबह, एक ढक्कन." तिने बाटली उचलून दाखवली.

"सुकवारो, ये पानी है."

ती हसली. लहान मूल काहीतरी वेडंवाकडं बोललं की आपण हसतो तशी. "दीदी, बाबूजी गोली तो कभी नहीं खाते. पानी पीते हैं, सबके सामने, आँख बंद करके. ताला भी पानी को लगाते हैं. गोली का डिब्बा तो खुला पड़ा रहता है." मग जवळ येऊन, मला समजावल्यासारखं म्हणाली, "और उसमें दवाई की बास आती है."

ब्लीचिंगचा वास. सर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते आत आले नाहीत.

परत येताना, घाट सुरू व्हायच्या आधी झनकलाल म्हणाला, "बाबूजी, इसमें क्या है? बोल दो कि पानी गोली के बिना काम नहीं करता. पानी भी पिएँगे, गोली भी खाएँगे. किसका क्या जाता है?"

"नाही."

"अरे, भले के लिए..."

"नाही म्हणलं ना गा." मग माझ्याकडे वळले. "आयुष्यभर लोकांले सांगत आलो, का पाण्यात काही नसलं पाह्यजे. काहीच नाही. आता सांगू, का पाण्यात दवा हाय? मंतरलेलं पाणी देणारे काय कमी हायेत इकडं? त्याईच्यात मी एक." मग विचारलं, "तू काय म्हणतं, बीएस्सी?"

माझ्या वडिलांनी घरातले ताईत आणि अंगारे एका दिवशी उचलून वैनगंगेत टाकले होते. मी विज्ञान शिकले ते गुण मिळवायला नाही शिकले. मी म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. खरं तेच सांगायचं." आजही मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. फक्त आता सांगताना आवाज तेवढा चढत नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी टोल्यावर सगळ्यांना बसवलं. झाकण उघडून दाखवलं, पोराबाळांना आत डोकावू दिलं. पावडरीचं पुडकं दाखवलं. हे किडे मारायला, हे औषध नाही, हे नुसतं पाणी आहे, औषध म्हणजे गोळी. त्यांची हिंदी चांगली होती, त्यांनी कळेल असंच सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग एक म्हातारा उठला, हात जोडले आणि विचारलं, "हमसे क्या गलती हुई, बाबूजी?"

"गलती नहीं हुई. मैं समझा रहा हूँ."

"हौ," म्हातारा म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्यासाठी एक कोंबडा बांधून ठेवला होता. बाबूजी रागावले आहेत, पाण्यातला गुण काढून घेताहेत, तर त्यांची समजूत घालायला. सरांनी तो सोडून दिला आणि एवढे संतापले की त्यांना गाडीत बसवावं लागलं. त्यांच्या संतापाने टोल्याची खात्रीच पटली.

मग त्यांना ती दुसरी कल्पना सुचली. सुकवारोचं म्हणणं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं: बाबूजी गोळी कधी खात नाहीत. तर खायची. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर, तीच गोळी. आमच्या डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही तापाची गोळी आहे का? निरोगी माणसाने घ्यायची नसते. तुम्हाला दाखवायचंच आहे तर लोहाची घ्या, दिसायला सारखीच आहे."

"लोहाची खाऊन टीबीची खाल्ली म्हणू? मंग खोटं कायले म्हणते?"

डॉक्टरांनी मला पट्टी द्यायला मना केलं. मी दिली नाही. त्यांनी स्वतः उचलली. त्या दिवशी फुलपात्राच्या आधी त्यांनी गोळी हातावर घेऊन सगळ्यांना दाखवली, जिभेवर ठेवली, गिळली, तोंड उघडून दाखवलं. नंतरच्या खेपांनाही. त्यांचं पोट बिघडायचं, परतीच्या वाटेवर गाडी थांबवून ते झाडाआड जाऊन उलटी करायचे. त्यांच्या बायकोने मला घरी बोलावून विचारलं, "काय खाऊ घालता यांना तिकडं? माझ्या घरचा माठ कधी झाकला नाई या माणसानं, आन् तिकडं लोकांसाठी पोट फाडून घेते."

सुकवारोने मात्र गोळी सुरू केली. मला वाटलं, जमलं. मग एके दिवशी पाहिलं तर टोल्यावर बाटल्यांची रांगच नव्हती. मी एका बाईला विचारलं. ती आवाज खाली करून म्हणाली, "बाबूजी को भी लग गई ना. खुद को गोली खानी पड़ रही है. पानी में अब कुछ नहीं बचा."

म्हणजे जे तिने पाण्याबद्दल मानलं ते आम्हाला पाहिजे होतं तेच होतं, पण त्याच्यासोबत गोळीही गेली. ज्याचं पाणी एवढं गुणाचं, त्यालाच रोग झाला आणि गोळीने उतरत नाहीये, दर आठवड्याला घ्यावी लागते, चेहरा उतरत चाललाय, तर त्या गोळीत काय असणार. सुकवारोच्या सासूने भिंतीवरच्या पट्ट्या काढून टाकल्या. आणि यात तर्काची कुठली चूक आहे ते मला आजही कोणी दाखवून द्यावं. जे डोळ्यांना दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं. मीही प्रयोगशाळेत तेच करते.

आम्ही सुकवारोला गाडीत घालून बालाघाटच्या दवाखान्यात आणलं. तिथे ती थोडे दिवस राहिली. मोहाचे दिवस होते, मोहफुलं वेचायला घरी म्हातारी एकटी, मुलगी लहान. एका सकाळी ती खाटेवरून उठून निघून गेली. पुढच्या खेपेला आम्ही टोल्यावर पोचलो तेव्हा ती वारली त्याला चार-पाच दिवस झाले होते.

सासू अंगणात बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. या माणसाला मी कधी जमिनीवर न झाडता बसताना पाहिलं नव्हतं. म्हातारी रडली नाही. त्यांचीच समजूत काढत होती. "आप मन छोटा मत करो बाबूजी. पुराना पानी रखा था मैंने, अच्छे दिनों वाला. आखिर तक वही पिलाया. एक बूँद गिरने नहीं दी."



मग तिने आतल्या नातीला हाक मारली. मुलगी बाहेर आली आणि खोकली. तो खोकला आम्ही दोघांनीही ओळखला. म्हातारीने रिकामी बाटली पुढे केली. "अब इसको दे दो थोड़ा. गोली नहीं, बाबूजी. उस गोली ने इसकी माँ को खा लिया."

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "बीएस्सी, जरा गाडीच्या तिकडच्या बाजूनं उभी राह्य."

"काहून, सर?"

"राह्य म्हणलं ना, पोरी." पोरी त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं.

मी गेले. पण गाडी काही भिंत नव्हे. मला सगळं ऐकू आलं.

"अम्मा," ते म्हणाले, "इस पानी में दवाई है. पहले भी थी, अब भी है. लेकिन वो सोई रहती है. गोली पेट में जाती है, तब जागती है. बहू ने पानी पिया, गोली छोड़ दी, दवाई सोती रह गई. समझी? गोली नहीं, तो पानी भी नहीं दूँगा."

म्हातारी मग म्हणाली, "ये पहले बताना था ना, बाबूजी."

सरांचं ते वाक्य इतकं नेटकं होतं की आयत्या वेळी सुचलेलं नसणार. झनकलालने गाडीत विषय काढला त्याच दिवसापासून ते त्यांच्याजवळ तयार असलं पाहिजे. एवढे महिने ते त्यांनी तोंडात धरून ठेवलं होतं.

मुलीची तपासणी झाली, तिच्या वजनाच्या गोळ्या आल्या. म्हातारीने एक दिवस चुकवला नाही. प्रत्येक खेपेला रिकाम्या पट्ट्या आणून दाखवायची, तेव्हाच बाटली भरून मिळायची. मुलगी सुधारली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या त्या दिवशी ती आमच्या गाडीभोवती धावत होती, आणि तिच्या अंगावरचा फ्रॉक तिला आखूड झालेला होता. मला रडू आलं, मी लपवलं नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. कारण समोर रांग होती.

एवढी रांग आम्ही कधी पाहिली नव्हती. डोंगरापलीकडच्या, आमच्या यादीत नसलेल्या टोल्यांची माणसं होती. सुकवारोची सासू रांगेच्या कडेला उभी राहून येईल त्याला सांगत होती, "मैं तो पहले दिन से कहती थी, पानी में ही है." गोळीचं तिला आता आठवायचं कारण नव्हतं. गोळी म्हणजे नुसतं जागं करणारं काहीतरी. रांगेत सगळ्यात पुढे एक बाप होता. खांद्यावर मुलगा, तापाने फणफणलेला, मान टाकलेली. वाटेत सरकारी दवाखाना लागला होता, तो ओलांडून तो आमच्याकडे चालत आला होता. मी मलेरियाची तपासणी करायला मुलाचं बोट धरलं तर त्याने माझा हात बाजूला केला. "सुई मत लगाओ दीदी. बस पानी दिला दो."

मी सरांकडे पाहिलं. ते तोटीशी उभे होते, हातात फुलपात्र. ते पाणी ते प्यायले नाहीत. खाली ओतलं, आणि त्या बापाला म्हणाले, "पहले सुई. नहीं तो पानी नहीं." मी रक्त घेतलं, मलेरिया निघाला, त्या मुलाला गाडीत घालून आम्ही दवाखान्यात न्यायला निघालो. निघण्याआधी रांगेतल्या बाकीच्यांना सरांनी घाईघाईने काहीतरी करून पाणी दिलं. सुईचं, गोळीचं, ज्याला जे लागू त्याचं एकेक नवं काहीतरी सांगत. बाटल्यांचे तळ त्या दिवशी त्यांनी पाहिले नाहीत.

त्या शनिवारी ते टाकी धुवायला आले नाहीत. सोमवारी चिठ्ठी आली की तब्येत बरी नाही. मग ते आलेच नाहीत. नवे इन्चार्ज आले, भले गृहस्थ होते. त्यांनी टाकी काढून थंड पाण्याचे जार ठेवले. टोल्यावर गाडी गेली की लोक जारकडे बघायचे आणि आम्हाला विचारायचे, बाबूजी कुठे आहेत. पुढे संस्थेचा पैसा आटला आणि गाडीही बंद झाली.

मी आता गोंदियाला एका लॅबमध्ये आहे. भरवेलीला घरी येते तेव्हा मध्ये बालाघाटला उतरून त्यांच्याकडे चक्कर टाकते. ते बाहेरच्या खोलीत बसलेले असतात. झाकणाचं विचारत नाहीत. लॅबचं थोडं विचारतात.

मागच्या महिन्यात मी बसले होते तेव्हा फाटक वाजलं. एक म्हातारा आणि त्याच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली एक पोरसवदा बाई. हातात बाटली. मी उठायला गेले, तर सर म्हणाले, "बस तू." काकू आतून म्हणाल्या, "येतच राह्यते वो कोणी ना कोणी. कुठून कुठून येऊन राह्यले." सर उठले, बाटली घेतली, मोरीतल्या नळाखाली धरली. नळाचं साधं पाणी. ब्लीचिंग नाही, फडकं नाही, काही नाही. भरली आणि नेऊन दिली.

मी विचारलं, "सर, यांना देता कशाला?"

"नाई देलं तं दुसऱ्याकडून घेतीन," ते म्हणाले. "मी निदान विचारतो तरी."

मग फाटकाशी उभ्या त्या बाईकडे वळून त्यांनी विचारलं, "गोली चालू है ना? रोज लेती हो?"

तिने बाटली पदराखाली घेतली आणि म्हणाली, "हौ, बाबूजी."

सगळेच हौ म्हणतात.